पागुमेची मुलं

नेहासे २०, २०१६

पुन्हा तेच! "डेटाबेस लॉक आहे." सकाळी पहिल्याच बाळाची नोंद करताना, मग दुपारी परत. बाहेर बायका मुलं मांडीवर घेऊन ताटकळलेल्या, आणि आत मी त्या डबड्याकडे बघत दातओठ खातेय. सिस्टर अस्नाकेच प्लास्टरने माखलेले हात तसेच वर धरून दारात येऊन उभी — "वोइनशेत, तुझं लाडकं बाळ आज पण रुसलं का गं?"

लाडकं बाळ म्हणे! अख्खा डेटाबेस म्हणजे एक फाईल. ओढणीच्या गाठीत बांधून नेता येईल एवढी. ना मोठा सर्व्हर, ना पगारी इंजिनिअर. जन्मतः वाकडं पाऊल घेऊन आलेली आमच्या भागातली सगळी मुलं त्या फाईलमध्ये आहेत. कुणाचं कितवं प्लास्टर, पाऊल पुन्हा वळू नये म्हणून कुणाला दांडीने जोडलेले बूट कधी दिले, पुढच्या तपासणीला कधी बोलवायचं. रोज सकाळी त्यातून यादी निघते, मी फोन फिरवते, मुलं येतात. एलशदायने अदिस अबाबाला नोकरीवर जाण्याआधी हे सगळं लिहून दिलं, एक पैसा न घेता. देव तिचं भलं करो. पण आज समोर असती तर कान उपटले असते.

नेहासे २१

एलशदायला फोन. एका वर्गात होतो तेव्हापासून तिची एक खोड — आधी पोटभर हसणार, मग उत्तर देणार.

"अगं, या डेटाबेसमध्ये वाचायला कितीही बसू देत. लिहायला एका वेळी एकच जण. कुणीतरी आत शिरून कडी लावून बसलंय. शोध कोण ते."

"दवाखान्यात आम्ही दोघी. भूत असेल!"

"भुतं फॉर्म भरत नाहीत, वोइनशेत."

नेहासे २२

भूत सापडलं! भूत म्हणजे आमची सिस्टर!

झालं असं. प्लास्टरच्या खोलीतल्या संगणकावर ती मुलाचा फॉर्म उघडते, अर्धा भरते, आणि तेवढ्यात ओट्यावरून कॉफीचा वास येतो. मग काय! बाई उठल्या. पहिला कप, दुसरा कप, आणि तिसरा घेतल्याशिवाय उठलं तर आशीर्वाद मिळत नाही. इकडे फॉर्म उघडल्या क्षणी डेटाबेसला कडी लागलेली. तिन्ही कप संपेपर्यंत माझ्या टेबलावर एक अक्षर लिहिता येत नाही. अदिसमधल्या लोकांना हे कधी सुचलंच नसतं, ते उभ्या उभ्या कॉफी पितात.

दुपारभर बसून दुरुस्त केलं. आता कडी लागते ती 'जतन करा' दाबल्यावरच, तीही डोळ्याचं पातं लवेपर्यंत. आत कुणी असलंच तर दुसऱ्याने लगेच ठणाणा करायचा नाही, थोडं थांबायचं. आणि नवी नोंद आधी बाजूच्या छोट्या पुरवणी फाईलमध्ये जाते, मग सवडीने मुख्य फाईलमध्ये, म्हणजे वाचणाऱ्याचा खोळंबा नको. हे शेवटचं एलशदायने फोनवर एकेक अक्षर सांगून करून घेतलं. स्वतःचं जेवण सोडून!

सिस्टरला सगळं समजावलं. तिला एवढंच जाणून घ्यायचं होतं — "म्हणजे मी कॉफी सोडायची नाही ना?"

"नाही सिस्टर. आता संगणकच वाट बघेल."

"मग आला ताळ्यावर," म्हणाली, आणि माझ्या हातात मूठभर कोलो, भाजलेलं जव, ठेवलं.

नेहासे २४

दिवसभरात एकदाही लॉक नाही. कॉफीचे तिन्ही कप झाले. देवा, उपकार!

नेहासे २८



गिझाचेव नावाचा माणूस आला. तळ्यावर मासे धरतो, पलीकडच्या काठावर राहतो. कडेवर मुलगी, हासेत. सव्वा वर्षाची, गुटगुटीत, सगळ्यांकडे बघून हसणारी. आल्या आल्या त्याचा पहिला प्रश्न — "बाई, तुमच्या दवाखान्याचा नंबर बदलला का?"

"नाही. का?"

त्याने खिशातून फोन काढला. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. गावात वीज नाही, म्हणून एक दिवसाआड बाजारात येऊन पैसे देऊन तो फोन चार्ज करतो. वर्षभर! का, तर आमचा फोन येईल म्हणून. "तुम्ही सांगितलं होतं, आम्ही बोलावू तेव्हा यायचं. मधे आपल्या मनाने काही करायचं नाही. तर मी नाही केलं."

बूट केव्हाच लहान झालेले. बोटांना जखमा व्हायला लागल्या तेव्हा त्याने ते काढून ठेवले, नीट धुऊन, पुसून. सोबत आणले होते. तसेच कोरेच्या कोरे!

हासेतला खाली उभं केलं. डावं पाऊल पुन्हा आत वळलंय. बाहेरच्या कडेवर उभी राहते पोर, आणि वर हसते. सिस्टर नेहमी पाऊल हातात घेतलं की बडबडत असते. आज गप्प. बराच वेळ दाबून बघितलं, मग म्हणाली, "पुन्हा प्लास्टर घालू. दर आठवड्याला यायचं. सरळ झालं तर झालं. नाहीतर देस्सेच्या मोठ्या दवाखान्यात नेऊन चाकू."

चाकू शब्द ऐकला आणि तो भिंतीला टेकला. मुलीची आई सौदीत, जेद्दाला घरकामाला आहे. रोज फोनवर मुलीला बघते. "मी तिला तोंडच दाखवतो फक्त," तो म्हणाला. "पाय दाखव म्हणाली की नेटवर्क गेलं म्हणतो."

प्लास्टर घालून झालं. जाताना त्याने आमचे दोघींचे हात धरून आभार मानले. आभार! मी तोंड फिरवलं.

नेहासे २९

हासेतची नोंद डेटाबेसमध्ये आहे. नाव आहे, बापाचा नंबर आहे, बूट दिल्याची तारीख आहे. काहीही चुकलेलं नाही. आणि तरी वर्षभरात एकाही सकाळच्या यादीत ती नाही! तीन महिन्यांनी यायला हवी होती यादीत, आणि दवाखान्यात येऊन जाईपर्यंत रोज रोज दिसायला हवी होती. मग गेली कुठे?

यादी काढायला वेळही अतोनात लागतो. बटण दाबून मी अंगण झाडून येते, तरी चाक फिरतंय. एलशदायला विचारलं.

"फिरणारच. प्रत्येक मुलाची शेवटची तारीख उचल, त्यात तीन महिने मिळव, मग आज आली का बघ — रोज सकाळी तो सगळ्या फाईलीची बेरीज नव्याने करतो. क्रमवारी लावून ठेवलेली असली तरी बेरजेपुढे तिचा उपयोग नाही. त्यापेक्षा पुढची तारीख एकदाच काढ, वेगळ्या रकान्यात लिहून ठेव आणि त्या रकान्याची क्रमवारी लाव. डोळे मिटायच्या आत यादी येईल."

"माझी एक मुलगी हरवलीय, एलशदाय. मला वेगाचं काय सांगतेस?"

ती हसली नाही. "रकाना कर," एवढंच म्हणाली. "बेरीज उघड्यावर आली की काय चुकतंय ते दिसेल तरी."

उद्या करते.

नेहासे ३०

रकाना घातला. भरायला लावला आणि वीज गेली! फाईलीला काही झालं नाही ना, या विचाराने जीव टांगणीला. वीज आल्यावर तपासलं. अर्धवट राहिलेलं काम डेटाबेसने आपणहून मागे घेतलंय, फाईल जशीच्या तशी. एवढीशी फाईल, पण दिलेला शब्द पाळते. चुंबन घ्यावंसं वाटलं. सिस्टर बघत होती म्हणून नाही घेतलं.

पागुमे १

सापडलं. देवा, सापडलं, आणि सापडायला नको होतं.

सकाळी रकाना भरून झाला. एलशदाय म्हणाली तशी क्रमवारी लावली. ज्यांची तारीख जवळ ते वर, लांबची खाली. आणि सगळ्यात वर काय, तर रिकाम्या ओळी! मूल आहे, नाव आहे, पुढची तारीख नाही. कोरी. चौदा मुलं. त्यात हासेत.

त्यांच्या शेवटच्या भेटीच्या तारखा बघितल्या. पागुमे १. पागुमे ३. पागुमे ३. पागुमे ५. पागुमे ३. सगळी गेल्या पागुमेतली!

आणि आज पहिल्या बाळाची नोंद केली, तर तिथेही कोरं. डोळ्यांदेखत.

तेरावा महिना. आमच्या वर्षाच्या शेपटीला लागलेले हे पाच-सहा दिवस. नव्या वर्षाआधी पायाचं काम उरकून टाकू म्हणून गेल्या वर्षी किती गर्दी झाली होती! रांग फाटकाबाहेर. सिस्टरने पागुमे ३ ला, देवदूत रुफाएलच्या सणाच्या दिवशीसुद्धा, सुटी घेतली नव्हती. तेव्हा आलेली जी मुलं आमच्या फोनच्या भरवशावर घरी गेली, त्यांना नंतर फोन गेलाच नाही.

सिस्टरला सांगितलं. ती खुर्चीत बसली. मग म्हणाली, "पागुमेचा पगार सरकार देत नाही, ते समजू शकते. पण या मेल्या यंत्राला काय झालं होतं?" हसायला गेली आणि रडायला लागली. मीही.

पागुमे २

एलशदायशी सकाळीच बोलले. 

"माझंच आहे हे," म्हणाली. "तुम्हाला सोयीचं म्हणून तारखा आपल्या पंचांगाने लिहू दिल्या. बेरीज मात्र डेटाबेसवर सोपवली. त्याला फिरंग्यांचे बारा महिने ठाऊक. आपल्या तारखा तो त्यांच्याच समजून मोजत होता. एखादा दिवस इकडेतिकडे व्हायचा, कुणाच्या लक्षात आलं नाही. पण तेरावा महिना? असली तारीखच नसते म्हणाला, आणि उत्तर कोरं ठेवलं. तक्रार नाही, ओरडा नाही."

मला ओरडायचं होतं तिच्यावर, खरंच होतं. पण तिचा आवाज ऐकला आणि राग विरघळला. फुकट, रात्रंदिवस खपून करून दिलं होतं तिने. तिच्यामुळे शेकडो पोरं सरळ चालतात. मग दोघी मिळून कामाला लागलो. आता आत प्रत्येक तारीख नुसता एक आकडा. ठरवलेल्या दिवसापासून तो कितवा दिवस, बस. त्याला ना महिना, ना पंचांग. बेरीज आकड्यांवर होते आणि पडद्यावर दाखवताना आपली तारीख. पागुमेसकट! आणि यापुढे पुढची तारीख कोरी असेल तर नोंद जतनच होणार नाही, तशी सक्त ताकीद रकान्यालाच दिली. यादी काढून बघितली. बटणावरून बोट उचललं नाही तोवर हजर!

दुसरं काही असतं तर नाचले असते.

हासेत सोडून तेरा मुलं. उद्या रविवार, सगळ्यांना फोन. सिस्टर म्हणते, वर्षभर बूट नाहीत म्हणजे तेराही पावलं वळली असतील, देस्सेला एवढे चाकू कोण चालवणार? दुष्काळात तेरावा महिना म्हणतात ना, तो आमच्याकडे असा आला.

पागुमे ३

रुफाएल. सकाळपासून पाऊस. आजचा पाऊस पवित्र. गल्लीतली सगळी चिल्लीपिल्ली कपडे काढून त्यात नाचतायत, आया हाक मारत नाहीत. मी खिडकीत दवाखान्याचा फोन घेऊन.

पहिला नंबर. वाजतोय, वाजतोय. उचलत नाही. दुसरा, तसाच. तिसरा. चौथा... तेराच्या तेरा वाजले, एकानेही उचलला नाही! एकाने तरी? पुन्हा पहिल्यापासून केले. तेच.

मन नाही नाही त्या वाटांनी जातं. आपल्यावर चिडले असतील. नंबर बघूनच उचलत नसतील. 'आता आठवण झाली?' म्हणत असतील. म्हणू देत, पण उचला तरी!

आईने कॉफी आणून ठेवली, माझ्या हातून पहिलाच कप गार झाला. ती म्हणाली, "बाहेर जा, दोन थेंब अंगावर घे. आजचं पाणी आहे." गेले. भिजले. रुफाएलला म्हटलं, माझं राहू दे, त्या पोरांच्या पावलांकडे बघ.

पागुमे ४

काय लिहू! कसं लिहू!

सकाळी दवाखान्याचं फाटक उघडते तर बाहेर मिनीबस. आतून बायका उतरतायत, एकीमागून एक, प्रत्येकीबरोबर एक मूल. सगळ्यात पुढे एक उंचपुरी बाई, कमरेवर हात — "कोण गं ती फोनवाली? काल सगळ्यांच्या फोनवर दवाखान्याचे दोन-दोन मिस्ड कॉल! कुणी मेलं की काय?"

एतागेन नाव तिचं. मी तिच्या मुलाकडे बघितलं. तो फाटकापासून पायरीपर्यंत धावत गेला होता. धावत! सरळ पावलांनी! त्याच्या मागे दुसरी, तिसरा...

 सिस्टरने सगळ्यांना आत घेतलं, बाकावर बसवलं, एकेक पाऊल हातात घेतलं. आणि तिची बडबड सुरू झाली! "अगं बाई, छान. हे पण छान. अरे वा राजा! याला थोडं ताणायला हवं. ही तर राणी आहे राणी." तेराच्या तेरा. एकही वळलेलं नाही.

गेल्या पागुमेत, रुफाएलच्या दिवशी, या बायका आमच्याच रांगेत दिवसभर बसल्या होत्या. तिथेच ठरलं, रुफाएलच्या नावाने महबर करायचं. दर महिन्याला एकीच्या घरी जमायचं, दाबो, म्हणजे मोठा पाव, भाजायचा, कॉफी करायची. पुढेमागे आलेल्या पागुमेवाल्याही त्यात ओढल्या. आणि यांचा एक नियम — पहिला कप ओतायच्या आधी सगळ्या मुलांचे पाय बघायचे. कुणाचे बूट सैल, कुणाचे घट्ट, कोण रात्री बांधायचा कंटाळा करतंय. कंटाळा करणारीला एतागेन सगळ्यांदेखत झाडते! झैनेबासुद्धा आहे त्यांच्यात. मुसलमान बाईचं रुफाएलकडे काय काम, असं सिस्टरने थट्टेने विचारलं. झैनेबा म्हणाली, "कॉफी माझ्या हातची लागते ना यांना!"

"आणि बूट?" मी विचारलं. "बूट तर लहान झाले असतील."

"झाले ना. तुमचा फोन येईना. म्हटलं, बिचाऱ्यांकडचे बूट संपले असतील, लाजून बोलावत नसतील. मग वर्गणी काढली, मिनीबस केली, देस्सेच्या दवाखान्यातून मोठे आणले. दोनदा."

बिचाऱ्या म्हणे आम्ही! मी एतागेनच्या गळ्यात पडून रडले. काल सगळ्या तिच्याच घरी होत्या, सणाला. पोरं पावसात, बायका दाबोभोवती, फोन एका टोपलीत झाकून ठेवलेले, भिजू नयेत म्हणून.

मी त्यांना सगळं खरं सांगितलं. तेरावा महिना, कोरा रकाना, सगळं. एतागेनने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "यंत्रच ते. कॉफी कुठे आहे?"

सिस्टरने शेगडी पेटवली. तिन्ही कप झाले, सगळ्यांचे. एलशदायला फोन लावून खोलीतला गलका नुसता ऐकवला. ती पलीकडे हुंदके देत होती. देवा, कुणाकुणाचे आभार मानू? आज या वहीत तेवढंच लिहायचं होतं.

पागुमे ५

वर्षाचा शेवटचा दिवस. हासेतचं पहिलं प्लास्टर काढलं. पाऊल ऐकतंय! सिस्टर म्हणते बहुतेक चाकू लागणार नाही, पण चार-पाच प्लास्टरं तरी, आणि पोर बरंच रडेल. आनंदाच्या भरात मी गिझाचेवला महबरचं सांगायला गेले. तुझ्या पलीकडच्याच गावात या बायका, तुला कशा भेटल्या नाहीत?

"भेटल्या की," तो म्हणाला. "दोनदा घरी आल्या. देस्सेच्या गाडीत हासेतसाठी जागा पण धरली होती. मीच नको म्हटलं. म्हटलं, दवाखान्याच्या बाईंनी फोन करते म्हणून सांगितलंय. ती माणसं विसरायची नाहीत."